६४० एकरांचे लग्न : अमेरिकेच्या पश्चिमेतील सोयीचे विवाह

अमेरिकेत आज प्रसिद्ध होणाऱ्या ‘वेस्टर्न रोमान्स’ कादंबऱ्यांमध्ये एक कथानक पुनःपुन्हा आढळते. मोंटाना किंवा वायोमिंगमधला एक अबोल रँचमालक असतो. त्याच्या आजोबांनी मृत्युपत्रात अट घालून ठेवलेली असते : वर्षभरात लग्न केले नाहीस, तर जमीन दुसऱ्याची. त्याच सुमारास कर्जाने गांजलेली, बहुधा पदरी लहान मूल असलेली एक स्त्री शहरातून तिथे येऊन पोहोचते. दोघे रीतसर बोलणी करून लग्न ठरवतात, ‘यात प्रेमाचा संबंध नाही’ असे एकमेकांना बजावतात, आणि पुढे काय होते हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

या कथानकाला टीकाकार हसतात. असे मृत्युपत्र कोणता शहाणा माणूस करील, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर अनपेक्षित आहे. ही अट एके काळी कोणा लहरी आजोबांनी नव्हे, तर अमेरिकेच्या काँग्रेसने घातली होती. ती कायद्याच्या कलमात होती, तिला मुदत होती आणि त्या मुदतीच्या आत शेकडो मैलांच्या प्रदेशात लगीनघाई उडाली होती.

या धाग्यात त्या कायद्याची, आणि त्याच्या नेमक्या उलट वागणाऱ्या दुसऱ्या एका कायद्याची कहाणी आहे.

सन १८५०. पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन हा तेव्हा अमेरिकेचा नवा प्रदेश होता, राज्य नव्हे. १८४० च्या दशकात मिसूरीकडून बैलगाड्यांचे तांडे सुमारे दोन हजार मैलांची वाट तुडवत विलामेट नदीच्या खोऱ्यात उतरू लागले होते. लोकांनी जमिनी धरल्या, कुंपणे घातली, घरे उभारली. पण कोणाकडेही सरकारी सनद नव्हती. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील सीमेचा वाद १८४६ मध्ये मिटला, १८४८ मध्ये ऑरेगनला प्रादेशिक शासन मिळाले, आणि मग वॉशिंग्टनकडे एकच मागणी जाऊ लागली : आमच्या जमिनी आमच्या नावावर करा.

२७ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांच्या काळात ‘डोनेशन लँड क्लेम’ कायदा झाला. त्याचा हिशेब असा होता. १ डिसेंबर १८५० पूर्वी ऑरेगनात राहावयास आलेल्या, १८ वर्षांवरील अविवाहित पुरुषास ३२० एकर. तोच विवाहित असेल तर ६४० एकर, म्हणजे पुरता एक चौरस मैल. आणि जो अविवाहित आहे, त्याने १ डिसेंबर १८५० पासून एका वर्षाच्या आत लग्न केल्यास त्यालाही ६४० एकर. चार वर्षे तिथे राहायचे, जमीन कसायची, की जमीन फुकट. त्या मुदतीनंतर येणाऱ्यांसाठी आकडे निम्मे झाले : एकट्याला १६०, जोडप्याला ३२०.

आपल्याकडे ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे म्हणतात. दोन्ही कामे कशी कंबरडे मोडतात, हे सांगण्यासाठी. ऑरेगनात १८५१ साली ही दोन्ही कामे एकाच अर्जासाठी करावी लागत होती.

प्रश्न एवढाच होता, की लग्न करायचे कोणाशी? प्रदेशात पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या. विवाहयोग्य वयाच्या बहुतेक स्त्रिया आधीच संसारात होत्या. परिणाम व्हायचा तोच झाला. बारा, तेरा, चौदा वर्षांच्या मुलींची लग्ने लागली. वसाहतकऱ्यांच्या आठवणींत या लग्नांचे उल्लेख येतात आणि ऑरेगनचे इतिहासकारही ती या कायद्याची थेट निपज मानतात. ज्या मुलीच्या वयाकडे एरवी कोणी वळून पाहिले नसते, तिच्या नावामागे आता तीनशे वीस एकर उभे होते. आजच्या कादंबरीतील सोयीच्या लग्नात दोन प्रौढ माणसे टेबलाच्या दोन बाजूंना बसून अटी ठरवतात. ऑरेगनात वाटाघाटीच्या वेळी त्या टेबलापाशी मुलगी नसे. तिचा बाप असे.

आणि तरीही याच कायद्यात एक वाक्य असे होते, जे त्या काळात क्रांतिकारक म्हणावे लागेल. जोडप्याला मिळणाऱ्या जमिनीपैकी निम्मी जमीन बायकोच्या स्वतःच्या नावे, तिच्या स्वतंत्र हक्काने द्यायची होती. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात विवाहित स्त्रीला वेगळे कायदेशीर अस्तित्वच नसे. तिची मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याच्या ताब्यात जाई. इथे मात्र संघराज्याचे सरकार स्वतः होऊन विवाहितेला जमीन देत होते. सनद मिळण्यापूर्वी दोघांपैकी एक मरण पावल्यास त्याचा वाटा मागे उरलेल्या जोडीदाराने आणि मुलांनी समान वाटून घ्यावा, अशीही तरतूद होती.

हे स्त्रीहक्कांच्या कळवळ्याने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सरकारला त्या दूरच्या खोऱ्यात केवळ भटके सडेफटिंग नको होते. मुळे धरणारी, शेती करणारी, गोरी कुटुंबे हवी होती. बायको हे त्या धोरणाचे साधन होते. पण साधन म्हणून दिलेला हक्कही कागदावर हक्कच असतो, आणि ऑरेगनातील कित्येक विधवांनी पुढे तो वापरलाही.

‘गोरी’ हा शब्द वर मुद्दाम आला आहे. कायद्यात गोरे वसाहतकरी आणि मिश्र वंशाचे ‘अमेरिकन हाफ-ब्रीड इंडियन’ एवढ्यांनाच जमीन होती. कृष्णवर्णीयांना ती नव्हती. या वगळण्याचा अर्थ प्रत्यक्ष एका घरात काय झाला, हे लेटिशिया कार्सन हिच्या कहाणीतून दिसते.

लेटिशिया ही गुलामीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. १८४५ साली डेव्हिड कार्सन नावाच्या आयरिश स्थलांतरिताबरोबर ती मिसूरीहून निघाली. वाटेतच तिची मुलगी मार्था जन्मली. बेंटन परगण्यातल्या सोप क्रीकच्या खोऱ्यात दोघांनी ६४० एकरांवर दावा सांगितला, गुरे वाढवली, मुलगा झाला. पण १८५० चा कायदा आला तेव्हा त्यांचे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हते. दावा ६४० वरून ३२० एकरांवर आला. सरकारच्या हिशेबी डेव्हिड कार्सन अविवाहित होता.

१८५२ मध्ये डेव्हिड मरण पावला. शेजारी ग्रीनबेरी स्मिथ याने मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून कारभार हाती घेतला आणि लेटिशिया व तिच्या मुलांना वारस म्हणून काहीही मिळू दिले नाही. घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. स्वतःच्याच संसारातली काही भांडीकुंडी तिला त्या लिलावात पैसे मोजून परत घ्यावी लागली.

तिने दावा ठोकला. वारसा मागून उपयोग नव्हता. मग तिने सात वर्षांच्या कामाची मजुरी मागितली. युक्तिवाद अगदी साधा होता : मी बायको नाही असे तुम्ही म्हणता ना? मग मी नोकर होते. माझा पगार द्या. गोऱ्या पंचांच्या ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला आणि ३०० डॉलर देवविले. गुरांबद्दलचा दुसरा दावाही ती जिंकली. त्यात १२०० डॉलर मिळाले. ज्या प्रदेशात कृष्णवर्णीयांनी वस्तीच करू नये असे कायदे होत होते, तिथे १८५० च्या दशकात हे घडले. या साऱ्या कालखंडातील सर्वांत धारदार कायदेशीर चाल तिची होती, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगून चालणार नाही. विलामेटचे खोरे रिकामे नव्हते. ते कलापूया लोकांचे होते. जमीनवाटपाचा कायदा १८५० चा. ज्या तहाने खोऱ्यावरील मूळ हक्क अमेरिकेकडे आला, तो १८५५ चा. म्हणजे पाच वर्षे सरकार जी जमीन वाटत होते, ती अजून त्याची झालेलीच नव्हती. १८५६ मध्ये कलापूयांना ग्राँड राँड येथील राखीव क्षेत्रात हलवण्यात आले. तोवर डोनेशन कायद्याची मुदतही संपली होती, १ डिसेंबर १८५५ रोजी. त्याच्याखाली सात हजारांहून अधिक दावे मंजूर होऊन सुमारे २५ लाख एकर जमीन वाटली गेली.

स्त्रियांच्या तुटवड्याचा प्रश्न मात्र वायव्य किनाऱ्यावर पुढेही राहिला. १८६४ मध्ये सिएटलच्या एसा मर्सर नावाच्या तरुणाने मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथून तरुणी आणण्याची मोहीम काढली. लोवेल हे कापडगिरण्यांचे शहर. यादवी युद्धामुळे दक्षिणेचा कापूस बंद झाला होता, गिरण्या थंडावल्या होत्या, कामगार मुली रिकाम्या बसल्या होत्या. (याच कापूसटंचाईने त्याच वर्षांत मुंबईवर पैशाचा पाऊस पाडला आणि १८६५ मध्ये शेअरबाजारासकट ती बुडवलीही.) पहिल्या खेपेस अकरा स्त्रिया आल्या. अधिकृतपणे त्या शिक्षिका म्हणून आल्या होत्या. त्यांपैकी बहुतेकींची लवकरच लग्ने झाली. १८६६ च्या दुसऱ्या खेपेसाठी मर्सरने बायको हवी असणाऱ्या पुरुषांकडून प्रत्येकी ३०० डॉलर घेतले होते. त्या खेपेत ठरल्याहून फारच थोड्या स्त्रिया आल्या, आणि त्यांतल्याच एकीशी मर्सरने स्वतः लग्न केले. वर्गणीदारांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता दुसरा कायदा.

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर, पाच वर्षे वास्तव्य आणि मशागत, किरकोळ शुल्क. अर्जदार २१ वर्षांचा असावा किंवा कुटुंबप्रमुख असावा. कायद्यात ‘पुरुष’ असे म्हटलेले नव्हते. त्यामुळे अविवाहित स्त्री, विधवा, नवऱ्याने टाकलेली स्त्री, यांना स्वतःच्या नावावर जमीन मागता येई. रंगाची अटही यात नव्हती. लेटिशिया कार्सनने १८६३ मध्येच दक्षिण ऑरेगनातील डग्लस परगण्यात दावा दाखल केला आणि १८६९ मध्ये जमीन तिच्या नावाने झाली. होमस्टेड कायद्याखाली देशात सर्वप्रथम मंजूर झालेल्या मोजक्या दाव्यांत तिचा दावा आहे.

मात्र विवाहित स्त्रीला या कायद्यात जागा नव्हती. कुटुंबाचा प्रमुख नवरा, अर्ज त्याचा. ऑरेगनच्या कायद्याने लग्नाला बक्षीस दिले होते, होमस्टेड कायद्याने स्त्रीपुरती त्यावर किंमत लावली. एकट्या स्त्रीला १६० एकर. तीच बायको झाली की शून्य. दावा आधी दाखल करून मग लग्न केले तर दावा आपोआप बुडत नसे, पण अट वास्तव्याची होती. नवरा त्याच्या जमिनीवर राहणार, बायकोने तिच्या जमिनीवर राहायचे, आणि नवराबायकोचे घर तर कायद्याच्या दृष्टीने एकच. दोन दावे आणि एक संसार हे गणित सुटत नसे.

म्हणून तिथल्या सोयीच्या लग्नात क्रम महत्त्वाचा झाला. आधी भूमी कार्यालय, मग पाद्री. पश्चिमेतील काही भागांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना साधारण दहातला एक दावा स्त्रीच्या नावाचा आढळला आहे. त्यांतल्या अनेक जणी मालक म्हणून राहिल्या, अनेकींनी सनद मिळेपर्यंत लग्न लांबवले. आणि एकीने दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात केल्या. ती पुढे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध होमस्टेडर स्त्री ठरली.

एलिनोर प्रूइट हिचा जन्म १८७६ चा. लहान वयात आईबाप गेले, भावंडांचा भार अंगावर पडला, पहिला संसार मोडला. पदरी जेरीन ही लहान मुलगी. डेन्व्हर शहरात ती धुणी धुई, भट्टीत कोळसा टाकी. नंतर जुलिएट कोनी नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे घरकामाला होती. तिला स्वतःची जमीन हवी होती. १९०९ च्या वसंतात वायोमिंगमधील बर्नटफोर्क येथील क्लाइड स्ट्यूअर्ट या विधुर रँचमालकाकडे घर सांभाळण्याची नोकरी घेऊन ती मुलीसह तिकडे गेली.

तिथून तिने कोनीबाईंना पत्रे लिहायला सुरुवात केली. मे महिन्याच्या अखेरीच्या पत्रात ती ग्रीन रिव्हर गावी जाऊन दावा दाखल केल्याची हकिकत रंगवून सांगते. प्रवास, रस्त्यावरचा मुक्काम, डोंगर, सारे काही त्यात आहे. एक गोष्ट नाही. त्याच महिन्याच्या आरंभी तिने क्लाइड स्ट्यूअर्टशी लग्न केले होते. नोकरीला येऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते.

लग्नाची बातमी तिने कोनीबाईंना कळवली ती वर्षभराने. तपशील तर त्याहून उशिरा आले : पेरणीच्या धांदलीत, दोन कामांच्या मधल्या फटीत लग्न उरकावे लागले, पायांत जुनेच जोडे राहिले, कमरेचा एप्रन काढायचाही राहून गेला. ती हे विनोदाने सांगते. पण विनोदामागची गरज स्पष्ट आहे. त्याला रँच चालवायला बाईमाणूस हवे होते. तिला मुलीसाठी छप्पर आणि स्वतःसाठी जमीन. शिवाय तिचा दावा त्याच्या जमिनीला लागून होता. हद्द त्याच्या घरापासून जेमतेम दोन फुटांवर आली, तेव्हा तिचे घर त्याच्या घराला जोडूनच बांधले गेले. एका भिंतीच्या अलीकडे तो, पलीकडे ती; नकाशावर दोन घरे, चूल एक.

लग्न सोयीचे होते म्हणून ते कोरडे राहिले असे नाही. १९१० मध्ये त्यांना मुलगा झाला आणि वर्ष सरण्याआधीच तो गेला. क्लाइडला सुतारकाम येई. लहानशी शवपेटी त्याने स्वतः केली. आतले अस्तर तिने लावले. जवळपास पाद्री नव्हता, तेव्हा प्रार्थनाही तिनेच म्हटली. कादंबरीकार जे वळण शंभर पाने खर्चून आणतात, ते या दोन-चार ओळींच्या नोंदीत घडून गेलेले दिसते. पुढे त्यांना आणखी तीन मुलगे झाले.

जमिनीबाबत मात्र ती हटून बसली होती. नवऱ्याच्या मदतीवाचून जमिनीच्या अडचणी एकटीने निभावीन, या बोलीवरच आपण लग्न केले, असे तिने लिहिले आहे. आणि १९१३ च्या जानेवारीतील पत्रात तिने शहरातल्या गरीब कष्टकरी बायकांना उद्देशून सांगितले, की धुण्याच्या टबापाशी जितके राबता तितके इथे राबलात, आणि एकटेपणा सोसता आला, तर स्वतःची जमीन नक्की होईल. ही पत्रे ‘अटलांटिक मंथली’त छापली गेली, १९१४ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि एकट्या स्त्रीने जमीन मिळवता येते याचा पुरावा म्हणून वाचली गेली.

अनेक दशकांनी अभ्यासकांनी भूमी कार्यालयाचे कागद तपासले. एलिनोरने तो दावा १९१२ मध्येच सोडून दिलेला होता. विवाहितेचे वेगळे वास्तव्य सिद्ध करणे शक्य नव्हते. एका भिंतीने जोडलेले घर सरकारी अधिकाऱ्याला दोन घरे म्हणून कसे दाखवणार? मग तिने हक्क सोडला आणि तिची सासू रूथ स्ट्यूअर्ट हिने त्याच तुकड्यावर स्वतःच्या नावे दावा लावला. सासू विधवा होती, म्हणजे कायद्याच्या नजरेत एकटी. जमीन घरातच राहिली. फक्त जिने ती शोधली होती, तिच्या नावावर राहिली नाही.

म्हणजे धुणेवाल्या बायकांना धीर देणारे ते पत्र लिहिले गेले, तेव्हा लिहिणारीचा दावा संपलेला होता. काहींनी याला फसवणूक म्हटले आहे. तो शब्द कठोर वाटतो. जिने लग्न वर्षभर लपवले, तिला नेमके कशाची लाज वाटत होती हे त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते. लग्नाची नव्हे, त्या लग्नाने तिच्या अर्जाचे जे केले, त्याची.

१९१४ च्या एप्रिलमध्ये, तिचे पुस्तक आले त्याच वर्षी, काँग्रेसने दुरुस्ती केली. दावेदार पुरुष आणि दावेदार स्त्री यांनी आपापल्या जमिनीवर एक वर्ष अटी पाळून मग परस्परांशी लग्न केले, तर दोघांचेही दावे कायम राहतील आणि एकाच घरातील वास्तव्य दोन्हींसाठी धरले जाईल. एलिनोरच्या हक्कसोडीला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती, आणि दावा व लग्न एकाच महिन्यात उरकल्यामुळे ती एक वर्षाची अटही तिला लागू पडली नसती. दुरुस्तीत आणखी एक वाक्य होते : दोन जमिनींपैकी कोणत्या जमिनीवर राहायचे, हे नवऱ्याने ठरवावे.